खरवसाचं चीज

टूथपिकची ती डबी अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे, मसाल्याच्या बरण्यांमागं ढकललेली. निम्म्या काड्या वापरल्या गेल्या, निम्म्या तशाच आहेत. टाकवत नाही आणि वापरवतही नाही. काही शोधताना चुकून हाताला लागली की मला माझाच राग येतो, आणि मला राग आला की त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडतं, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे.

मी धाराशिवला शाळेत मराठी शिकवते. नवरा सरकारी नोकरीत, मुलगी अकरावीला लातूरला वसतिगृहात. सासर भूम तालुक्यातलं ईट गाव. तिथं थोरले दीर आणि जाऊ शेती बघतात, चार म्हशी बघतात. जावेला मी आक्का म्हणते. ही हकीकत माझी आणि आक्काची आहे.

आक्काबद्दल आधी सांगायला हवं, म्हणजे मी काय केलं ते नीट कळेल. लग्न होऊन आले तेव्हा मी बारावी होते. पुढं शिकायचं मनात होतं, पण नव्या सुनेच्या तोंडातून ते निघणार कसं? ते आक्कानं ओळखलं आणि सासूबाईंना तोंडावर सांगितलं, "तिला शिकू द्या. म्या शेणात हात घातला तेवढा बास झाला." मुलगी अकरा महिन्यांची असताना मला धाराशिवला डी.एड.ला प्रवेश मिळाला. दोन वर्षं मी इथं खोली घेऊन राहिले, आणि ती दोन वर्षं माझी मुलगी आक्कानं स्वतःच्या दोन पोरांबरोबर वाढवली. मुलगी पहिल्यांदा 'आई' म्हणाली ती आक्काला. सुट्टीत गेल्यावर ते ऐकून माझा चेहरा पडला, तर आक्का मला म्हणाली, "अगं, तिला दोन आया झाल्या. तुझं काय गेलं त्यात?"

मी तिला तुम्ही म्हणते, थोरली जाऊ म्हणून. ती मला 'तू' म्हणायची. 'अगं' म्हणायची, 'पोरी' म्हणायची, चिडली की 'भवाने' म्हणायची. माहेरी माझी आई लवकर गेली. त्यामुळं मला 'अगं' म्हणून हाक मारणारं मोठं माणूस जगात एवढं एकच उरलं होतं. हे तेव्हा कधी ध्यानात आलं नव्हतं.

आता पार्टीचं. आमची कॉलनी नवी आहे, बहुतेक घरं नोकरदारांची. कॉलनीतल्या आम्ही आठ-नऊ बायका दोन महिन्यांतून एकदा कुणातरी एकीकडं जमतो. सुरुवातीला चहा-पोहे असायचे. मग कुणीतरी पावभाजी केली, कुणी मंचुरियन केलं, आणि ते हळूहळू चढत गेलं. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनींनी तर कहरच केला. त्यांचे मिस्टर मोठे अधिकारी, मुलगा परदेशात. त्यांनी इवल्याइवल्या काचेच्या ग्लासांत काहीतरी थरांचं गोड दिलं, प्रत्येकीला इवला चमचा. आम्ही सगळ्या ते ग्लास हातात धरून फोटो काढत बसलो. त्याच वेळी त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "पुढची पाळी तुमची ना मॅडम?" साधंच विचारलं, पण मला ते आव्हान वाटलं. मला बऱ्याच गोष्टी आव्हान वाटतात.

मग पंधरा दिवस मी मोबाईलवर पाककृतींचे व्हिडिओ बघत होते. वह्या तपासायच्या राहिल्या. शेवटी एक सापडला. एक बाई पांढऱ्याशुभ्र ओट्यापाशी उभी राहून चीजचा एक चौकोनी तुकडा, अननसाचा एक तुकडा आणि वर एक द्राक्ष असं एका टूथपिकला टोचत होती. एका घासात एक काडी संपवायची. तशा पन्नास काड्या तिनं अर्ध्या कलिंगडावर खोचल्या आणि ते साळिंदरासारखं दिसणारं कलिंगड टेबलाच्या मधोमध ठेवलं. गॅस पेटवायचा नाही, तळायचं नाही, फोडणी नाही. मला ते फार साहेबी वाटलं. ठरलं.

दिवाळी नुकतीच झाली होती. द्राक्षांचा हंगाम लांब होता, कलिंगडही कुठं मिळेना. द्राक्षाऐवजी बेकरीतल्या केकवरच्या लाल चेऱ्या घेतल्या, कलिंगडाऐवजी पत्ताकोबीचा गड्डा चंदेरी कागदात गुंडाळायचं ठरवलं. अननस मिळाला, पण आंबट निघाला. जोडीला गोड काहीतरी हवं म्हणून मला आमच्या ईटच्या बांधावरची पपई आठवली. शुक्रवारी संध्याकाळी आक्काला फोन लावला.

"आक्का, पपया निघाल्यात का?"

"निघाल्यात की. किती धाडू?"

"दोन बास. येणाऱ्या कुणाबरोबर तरी द्या. रविवारी माझ्याकडं पार्टी हाय."

"कसली गं?"

"कॉलनीतल्या बायांची. चीज आन् फळं करायचीत."

आक्का गोठ्यात असणार. मागं म्हैस रेकत होती, आवाज तुटत होता. तिनं विचारलं, "काय म्हनलीस? चीक?"

"हां, हां, चीज," मी म्हणाले. मला चेऱ्यांचा डबा उघडायचा होता आणि उघडणी सापडत नव्हती.

"मंग आदी न्हाय का सांगायचं!" एवढं ऐकू आलं आणि फोन कट झाला.

रविवारी सकाळी नऊला लाईट गेली. ती येईल येईल म्हणत मी अकरा वाजता चीजचे तुकडे करायला घेतले. फ्रिज बंद, त्यात आमच्या स्वयंपाकघराला ऊन. चीज मऊ पडलेलं. टूथपिक टोचली की तुकडा मधून फुटायचा. जो फुटायचा नाही तो अननसाच्या पाण्यानं घसरून खाली यायचा. व्हिडिओतल्या बाईचं असं काही होत नव्हतं. बारा वाजेपर्यंत माझ्यासमोर पिवळट चिखल आणि मोडक्या काड्या एवढंच होतं. नवरा पुण्याला लग्नाला गेलेला, त्यामुळं चिडायलाही कुणी नव्हतं.

एकच्या सुमाराला दाराची कडी वाजली. बाहेर आक्का. डोक्यावर पदर, एका हातात पपयांची पिशवी, दुसऱ्या हातात फडक्यात घट्ट बांधलेला कडीचा डबा. ईटहून भूम आणि भूमहून धाराशिव, दोन एसट्या करून आली होती. सगळी वाट तो डबा मांडीवर घेऊन.

"आक्का! तुमी कशाला आला? कुणाबरोबर तरी द्यायचं न्हवतं का?"

"हे कुणाबरोबर देण्यासारखं हाय व्हय? हिंदकळून सगळा इस्कोट झाला असता," ती म्हणाली आणि खाली बसून गाठ सोडायला लागली.

डब्यात खरवस होता. हस्तिदंती रंगाचा, घट्ट, वर वेलदोड्याची पूड. आमच्याकडं खरवसालाही बोलताना चीकच म्हणतात. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध म्हणजे चीक, आणि तो शिजवला की खरवस, पण एवढा फरक कोण करतंय?

"गुळाचा काळा दिसतो. तुझ्या बायांस्नी बरा दिसायचा न्हाय म्हणून साखरंचा केलाय," आक्का म्हणाली. "नशीब बग तुझं. बेस्तरवारीच म्हैस व्याली आन् शुक्रवारी तुझा फोन. पयला देवाला दावला, मंग तुझ्यासाठी लावला. पहाटंपासनं चुलीम्होरं हाय."

"पण आक्का, हे कशाला?"

"कशाला म्हंजी? तूच म्हनलीस की, चीक आन् फळं करायचीत."

मला कळायला क्षणभर लागलं. मग मी कपाळावर हात मारला आणि ओट्यावरचा माझा पराक्रम तिला दाखवला. "आक्का, चीक न्हवं, चीज. हे बघा. दुकानात मिळतं." तिनं एक तुकडा तोंडात टाकला, चघळला आणि तोंड वाकडं केलं. "हे तर खारट हाय गं. नासलंय."

"नासलं न्हाय, तसंच असतंय."

"ईकत आणून असलं खातीस?" ती म्हणाली, आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. तीही हसायला लागली. पदर तोंडात धरून हसत हसत फरशीवर बसली. "आगं बाई, म्या चीकच ऐकलं. वर म्हैसबी व्यालेली. मला वाटलं, शिकल्याली पोरगी, पार्टी करतीय, पण चीक इसरली न्हाय." ते हसणं मला अजून ऐकू येतं.

मग तिनं सगळं हातात घेतलं. आधी पपईच्या फोडी करून कोरड्या फडक्यानं एकेक टिपून घेतली. "वलं फळ कसं ठरंल काडीवर? डोकं हाय का तुला?" खरवसाला तिनं सुरी लावू दिली नाही, कड चुरते म्हणाली. शिवणाचा दोरा पाण्यात बुडवून, एक टोक दातात आणि एक बोटाला धरून तिनं त्या खरवसाचे असे चौकोन पाडले की एकाचं टोक मोडलं नाही. माझ्या व्हिडिओतल्या बाईनं बघायला हवं होतं. एक पपई, एक खरवस, वर एक चेरी. काडी घसरत नव्हती, मोडत नव्हती. रोज धार काढणारी ती बोटं, त्यांना कुठं किती जोर द्यायचा ते सांगावं लागत नाही.

"दुधात फळ घालतीस, पोटं बिघडतील बायांची," ती म्हणत होती आणि टोचत होती. "अगं, ती चेरी सरळ धर. भवाने, अंगात देवी आल्यागत तिला का कलवतीस?" अडीच वाजता कोबीचा गड्डा काड्यांनी भरला. व्हिडिओपेक्षा देखणा झाला होता. मी म्हणाले, "आता ह्याला काय म्हणायचं?" आक्का म्हणाली, "चीज म्हणूनच खपव की. कुनाला कळतंय!" तीही चेष्टाच होती.

इथपर्यंतचं सगळं मी कुणालाही सांगू शकते. सांगतेही कधीकधी, हसवायला. पुढचं सांगत नाही.

साडेतीनला मी साडी बदलली आणि आक्काकडं बघितलं. तिच्या लुगड्याच्या काठाला वाळलेल्या शेणाचा एक ठिपका होता, पायाच्या भेगांत काळं होतं. मी म्हणाले, "आक्का, तुमी दमला आसाल. आतल्या खोलीत जरा पडा. बायका आल्या तरी उठू नका." ती खुश झाली, मी काळजी करते म्हणून. मी काळजी करत नव्हते. मला तो ठिपका दिसत होता. मी खोलीचं दारही ओढून घेतलं.

चारला सगळ्या आल्या. टेबलावरचा गड्डा बघून एकदम "अय्या!" झालं. फोटो झाले. मी बोलत होते ती माझी शाळेतली मराठी, प्रत्येक 'आहे' पूर्ण. सरबत ढवळण्याच्या नादात मी पाणी द्यायचं विसरले. घरात आलेल्याला आधी पाणी द्यायचं असतं, हे आमच्या घरात चार वर्षांच्या पोरालाही कळतं. आतून ऐकताना आक्काला राहवलं नसणार. ती ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन आली, पदर नीट घेऊन, अनवाणी.

कोपऱ्यावरच्या वहिनींनी ग्लास घेतला आणि तिच्याकडं बघून हसल्या. "या कोण? ओळख करून द्या ना."

प्रश्न इतका सरळ होता. उत्तर दोन शब्दांचं होतं, माझ्या जाऊबाई. ते दोन शब्द जिभेवर आले होते हे मला पक्कं आठवतं. पण माझी नजर त्या काठावरच्या ठिपक्यावर गेली, तिथून वहिनींच्या पायातल्या मऊ सपातांवर, आणि मी म्हणाले, "गावाकडच्या आहेत. आज मदतीला आल्यात."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. ती गावाकडचीच होती, मदतच करत होती. म्हणूनच ते खोटं जास्त वाईट. सरळ खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोललो हे कबूल करावं लागतं.

आक्काच्या हातातला ट्रे हलला नाही. तिनं पुढच्या बाईसमोर ग्लास धरला, मग तिच्या पुढच्या. सगळ्यांना पाणी देऊन ती स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

मग काड्या फिरल्या. एकीनं खाल्लं आणि डोळे मिटले. "काय सुरेख लागतंय! कुठलं चीज हे?" दुसरी म्हणाली, "अगदी खरवसासारखं नाही का?" अजूनही वेळ गेली नव्हती. खरवसच आहे म्हटलं असतं तर आक्काचं नाव आपोआप पुढं आलं असतं. पण मी म्हणाले, "नाही नाही, चीजच आहे. बाहेरच्या देशातला प्रकार आहे, घरीच केलाय मी." त्यावर कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "तुमच्या कष्टांचं अगदी चीज झालं हो मॅडम!" आणि सगळ्या हसल्या. मीही हसले.

"पण कसं करायचं? सांगा ना," एकीनं लावून धरलं. मला खरवस करता येत नाही. चीक किती, दूध किती, किती वेळ वाफ, मला काही माहीत नाही. मी कधी विचारलंच नव्हतं, कारण तो नेहमी डब्यातून आला होता. मी "म्हणजे, दूध घ्यायचं..." एवढं बोलून अडकले. 

दारातून आक्काचा आवाज आला. "म्याडम सांगायच्या न्हाईत. सकाळधरनं राबल्यात त्या. दोनदा बिघडलं, तरी सोडलं न्हाय. म्या आपली नुसती भांडी इसळली."

म्याडम. तिनं मला पहिल्यांदाच अशी हाक मारली. मला ती सोडवत होती, आणि मी तिला सोडवू दिलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण एकीनं आक्काला विचारलं, "मावशी, तुम्ही इथंच कामाला असता का? माझी बाई सुटलीय. धुणंभांडी, लादी. जमेल का?"

मी तिथंच होते. माझ्या हातात सरबताचा जग होता. मी एका ग्लासात सरबत ओतत राहिले, तो भरून सांडेपर्यंत.

"न्हाय बाई," आक्का शांतपणे म्हणाली, "माझी जनावरं हायत गावाला." मग फडकं आणून तिनं मी सांडलेलं सरबत पुसून घेतलं.

सगळ्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले तर तिनं निम्मी भांडी घासली होती. मी म्हणाले, "आक्का, ऱ्हाऊ द्या, मी करते." ती म्हणाली, "झालंच की. तुमी बसा, दमलाव." मला वाटलं, मघाचं सोंग अजून चालू आहे, चेष्टा करतेय. मी हसायचा प्रयत्न केला. ती हसली नाही, पण रागानंही बघितलं नाही. नेहमीसारखीच दिसत होती. संध्याकाळची एसटी गाठायची होती. मी स्कूटरवरून तिला स्टँडवर सोडलं. सबंध वाट माझ्या तोंडात 'आक्का, चुकलं माझं' हे घोळत होतं, आणि सिग्नल, खड्डे, गर्दी अशी कारणं मला मिळत गेली. एसटीच्या खिडकीतून ती म्हणाली, "जपून जावा. सावकाश चालवा गाडी." जा नाही, जावा. चालव नाही, चालवा.

मी दर वर्षी सहावीच्या वर्गात आदरार्थी बहुवचन शिकवते. माणूस एकच असतो, मान द्यायचा म्हणून त्याच्यासाठी अनेकवचन वापरायचं. मुलं वहीत लिहून घेतात, मी फळ्यावर उदाहरणं देते. त्या स्टँडवर उभं राहून मला कळलं की तेच बहुवचन कानशिलात बसल्यासारखं लागू शकतं. पुस्तकात ते लिहिलेलं नाही.

पुढचे दोन आठवडे फोनवर तेच. "बोला. बऱ्या हाव का? जेवलाव का?" एकदा फोन स्पीकरवर होता. नवऱ्यानं ऐकलं आणि नंतर हसून म्हणाला, "वहिनी तुला अहोजाहो करायला लागली? मोठी झालीस बाई." मी त्याच्यावर असं काही खेकसले की तो ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. त्याला कारण सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

त्याच सुमाराला भाजीच्या गाड्यावर कोपऱ्यावरच्या वहिनी भेटल्या. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "मॅडम, तो खरवस मात्र अप्रतिम होता हां."

मी म्हणाले, "चीज ना?"

त्या हसल्या. "अहो, माझं माहेर अणदूरचं. आमच्या दारात सहा म्हशी होत्या. मी चीक ओळखणार नाही का? आम्ही सगळ्यांनीच ओळखला. तुम्ही चीज म्हणालात, म्हणून आम्हीही चीज म्हणालो." मग जुडी पिशवीत टाकत म्हणाल्या, "कुणी आणला होता हो? त्या बाईंनी? आमच्या आईसारखा हात होता. त्यांच्याशी बोलायचं होतं मला, पण तुम्ही काही ओळख दिली नाहीत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्यासाठी मी आक्काला नाकारलं, त्यांना मी काय लपवतेय ते पहिल्या घासातच कळलं होतं. त्या माझ्यावर हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला सांभाळून घेतलं. त्या दुपारी त्या घरात सगळ्यांनीच मला सांभाळून घेतलं, आणि सांभाळायला हवं होतं ते माणूस दाराशी उभं होतं.

आक्काचा कडीचा डबा माझ्याकडंच राहिला होता. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान साखर घालून द्यायची. मी डबा काठोकाठ साखरेनं भरला आणि शाळेला सुट्टी टाकून एकटीच ईटला गेले. भूमहून पुढं एसटीत एक गाववाली शेजारी बसली. ती सहज बोलून गेली, "औंदा तुमच्या आक्कानं चीक न्हाय दिला कुनाला. दर साली आळीभर वाटत्यात. ईचारलं तर म्हनल्या, समदा धाकलीच्या पार्टीला नेला. बायांस्नी आवडला का मंग?" मी "लई आवडला" म्हणाले आणि खिडकीकडं तोंड केलं.

घरी आक्का एकटीच होती. दीर आणि पोरं शेतात. मला बघून ती ओट्यावरून उठली, पदर नीट केला, म्हणाली, "या. बसा." सतरंजी टाकली. त्या घरात मी कधी सतरंजीवर बसले नव्हते. चुलीपाशी पाटावर नाहीतर तिच्या शेजारी जमिनीवर बसायची. चहा दिला तो कपबशीत, पाहुण्यांच्या. आमचा चहा स्टीलच्या पेल्यांतून असायचा.

मी डबा पुढं केला. तिनं झाकण उघडून साखर बघितली आणि म्हणाली, "येवढी कशाला आणली?"

मग मी बोलले. पाठ करून आले होते ते सगळं विसरले. "आक्का, मी त्या दिवशी तुमाला... त्या बायांसमोर मी तुमची जाऊ हाय असं म्हणाले न्हाय. लाज वाटली मला. तुमची. आता माझी वाटतीय. मला शिव्या द्या, मारा, पण हे तुमी-तुमी बंद करा." बोलता बोलता रडू आलं. मी रडताना फार वाईट दिसते, नाक लाल होतं, तरी रडले.

आक्का घाबरली. पटकन पुढं झाली. "आगं..." म्हणाली, आणि थांबली. तोंडातला शब्द तिनं गिळलेला मला दिसला. "आवं, रडताव कशाला? म्या काय रागावली न्हाय. तुमच्या गळ्याशपत."

"मग असं का बोलताय?"

"तोंडाला वळण लावाय लागलेय," ती म्हणाली. अगदी साधेपणानं, पपई कशी टिपून घ्यायची ते सांगावं तशी. "तुमी शिकल्या-सवरल्या, मोठ्या लोकांत ऱ्हाता. म्या कधीमधी येनार. चारचौघींत माझ्या तोंडातनं आगं-भवाने निघालं तर तुमचीच पंचाईत हुईल. त्या दिवशी निघालंच होतं, वाचलं. म्हणून म्हनलं, सवय लावून घ्यावी. एकदा वळण पडलं की चुकत न्हाय."

मला तिच्या रागाची तयारी होती. ह्याची नव्हती. मी तिचा हात धरला. म्हणाले, "मला न्हाय चालत. मला 'अगं' म्हणा. आत्ता म्हणा."

तिनं माझ्या हातावर थोपटलं, रिकामी कपबशी उचलली आणि समजूत काढावी तशी म्हणाली, "म्हनंन की. घरात कुनी नसलं म्हंजी म्हनंन."

त्या वेळी घरात आम्हा दोघींशिवाय कुणीही नव्हतं.